तीन मोजेपर्यंत

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा रोज शेकतेस की नुसतं मला तसं लिहितेस, हे एकदा शपथेवर सांग. चौतीस वर्षं कोर्टात दुसऱ्यांच्या शपथा लिहून घेतल्यास, आता एक स्वतःचीही होऊन जाऊ दे.

इकडची बातमी म्हणजे खटल्याची तारीख लागली. बारा एप्रिल. ग्रंथालयातल्या अकरा जुन्या नकाशांची चोरी, आणि आरोपी कोण, तर त्याच ग्रंथालयात एकोणचाळीस वर्षं पुस्तकं बांधणारा तुझा धाकटा भाऊ. निवृत्तीला सात महिने राहिले होते. आणखी थोडं निभावलं असतं तर निरोपाची दोन भाषणं ऐकून घरी आलो असतो, त्याऐवजी आरोपपत्र हातात आलं. तेही शिवलेलं नाही, कोपऱ्यात एक तिरकी टाचणी मारली आहे. वाचायच्या आधी ते नीट शिवून काढावं असंच मला वाटलं.

वकीलबाई तरुण आहे पण डोक्याने पक्की. काल तिने मला समोर बसवून सांगितलं की खटल्यात मी तोंड उघडायचंच नाही. पिंजऱ्यात उभं राहून साक्ष द्यायची नाही, न्यायाधीशांनी काही सांगायचंय का विचारलं तरी गप्प राहायचं. तो आरोपीचा हक्कच आहे म्हणे, आणि त्या गप्प बसण्याचा कोणी वाकडा अर्थ काढायचा नसतो. मी तिला म्हटलं की बाई, मी कोणाचं घोडं मारलेलं नाही, मग मी चोरासारखा तोंडात गुळणी धरून का बसू? त्यावर तिने एकदम विचारलं की तिच्या टेबलावरचा चहा कोणी प्यायला. आणि नुसती बघत राहिली. ताई, तो कप माझ्या डोळ्यांदेखत तिनेच रिकामा केला होता. पण ती बघतच राहिली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की मी.

ती हसली नाही. म्हणाली की याच भीतीने ती मला बोलू देणार नाही.

तुला कारण सांगायला नको. आपलं घरच तसं. आई आठ तास टेलिफोन एक्सचेंजच्या बोर्डासमोर बसायची. पलीकडून तीन मोजेपर्यंत आवाज आला नाही की पिन काढून टाकायची. घरी आल्यावरही तिचं मोजणं थांबत नसे. दुधाचं भांडं कोणी उघडं ठेवलं? एक, दोन, तीन. तिसऱ्यापर्यंत उत्तर आलं नाही तर ते ‘हो’ धरायचं, आणि गुन्हेगाराने जिन्याच्या वळणावर उभं राहायचं. विचार करायला वेळ मिळाला की माणूस खोटं रचतो, असं तिचं मत होतं. आपल्या घरात गप्प बसणं म्हणजेच कबुली. हल्ली मला त्या मोजण्याचीसुद्धा आठवण येते. कान दिवसभर दमलेले असायचे तिचे, तरी आपलं उत्तर ऐकायला ती थांबायची.

तर मला एवढंच सांग. तू इतकी वर्षं आरोपींच्या समोर बसलीस. जो गप्प बसतो, त्याच्याकडे लोक कसे बघतात? माझं मन राखायला लिहू नकोस.

ही तुला नमस्कार सांगते. गुडघा सांभाळ, आणि खटला चालू असेपर्यंत तुझी मायाही चालू ठेव.

तुझा,
टकळ्या

*

१३ फेब्रुवारी

चि. टकळ्यास,
अ. उ. आ. वि. वि.

गुडघा शेकते आहे, शपथेवर.

फोन करू का असं तू मागच्या खेपेला विचारलं होतंस. नको. फोनवर वाक्य मी सुरू करते आणि संपवतोस तू. आयुष्यभर माझी निम्मी वाक्यं तूच बोलला आहेस, आणि त्यातली बरीचशी मला म्हणायचीच नव्हती. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही. तोतरं बोलणाऱ्याला कागद फार मानवतो. मी लघुलेखन शिकले तेही म्हणूनच. दिवसभर लोक बोलणार, मी लिहिणार, आणि मला कोणी काही विचारणार नाही. चौतीस वर्षांत त्या खोलीत मी मोठ्याने एक शब्द उच्चारला नाही. एकदा छताचा पंखा सुटून खाली यायला लागला होता, तेव्हासुद्धा मी नुसतं बोट दाखवलं.

आता तुझा प्रश्न. मागच्या बाकांवरचे लोक गप्प आरोपीकडे वाईट नजरेनेच बघतात. पहिली काही वर्षं मीही बघत असे. मूग गिळून बसलाय म्हणजे काहीतरी लपवतोय, असं मनात यायचं. आपण आईची मुलं. मग मी एका चष्मेवाल्या न्यायाधीशसाहेबांच्या कोर्टात आले. आरोपी बोलायला नाही म्हणाला की ते मला तसं लिहायला सांगत, आणि लगेच पुढचं वाक्य सांगत, की यावरून न्यायालय काहीही गृहीत धरत नाही. दर वेळी तेच वाक्य. एकदा मी आगाऊपणा करून ते त्यांच्याआधी लिहून ठेवलं, तर मला खोडायला लावलं, स्वतः सांगितलं आणि पुन्हा लिहून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत म्हणाले की हे सवयीने लिहायचं वाक्य नाही, समोर बसलेल्या त्या एका माणसासाठी ते नव्याने म्हणायचं असतं. ज्यांनी आरोप केला त्यांनी तो सिद्ध करावा, आरोपीने स्वतःच्या तोंडाने त्यांना हातभार लावायची सक्ती नाही. त्या दिवसापासून माझी नजर बदलली.

आणि बोलणाऱ्याचं काय होतं तेही सांगते. एक छत्र्या दुरुस्त करणारा होता. वकिलाचं न ऐकता पिंजऱ्यात गेला, कारण त्याला वाटलं खऱ्याला कसली भीती. सरकारी वकील एक प्रश्न विचारायचे आणि कागद चाळत उभे राहायचे. ती शांतता त्या बिचाऱ्याला सोसवेना. ती भरायला तो काहीबाही बोलत गेला, आणि मी लिहीत गेले. अकरा पानं झाली. शिक्षा त्याला त्या अकरा पानांची झाली, चोरीची नाही. मला अजून त्याचा चेहरा आठवतो.

तेव्हा गप्प बस. कसं जमणार म्हणशील, तर आठव. पुस्तक शिवताना तू मेण लावलेला दोरा ओठांत धरतोस ना? तेवढाच वेळ तुझी टकळी बंद असते. त्याचा काही उपयोग होतो का बघ.

आणखी एक. ग्रंथालयात तुझी जी चौकशी झाली, तिच्या टिपणाची नक्कल मला पाठव. पूर्ण पाठव, तुला महत्त्वाचं वाटेल तेवढंच नको. दुसऱ्याने लिहिलेलं कसं वाचायचं ते मला कळतं.

वहिनीला आशीर्वाद. तुझी आठवण रोज येते, हे लिहायला हरकत नाही, कारण हे तू मध्येच तोडू शकत नाहीस.

तुझी,
ताई

*

२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नक्कल सोबत आहे. चार पानं. पुन्हा वाचवली नाहीत म्हणून तशीच पाठवतो.

दोऱ्याची युक्ती लागू पडते आहे, पण दोरा तोंडात असेपर्यंतच. रोज दुपारी ही माझ्यासमोर बसून प्रश्न विचारते आणि मी दोरा चावत बसतो. परवा सहावा प्रश्न संपेपर्यंत टिकलो. मग दोरा काढून पाणी प्यायला उठलो, तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या बाई दारात येऊन विचारायला लागल्या की जिन्यातली कुंडी कोणी फोडली. मी म्हटलं मी! ही डोक्याला हात लावून बसली. आता ती कुंडी नवी आणून द्यायची आहे, आणि बाई मला रोज जिन्यात क्षमा करतात.

त्या दिवशी मुख्य ग्रंथपालांच्या खोलीतही हेच झालं. साहेब वाईट माणूस नाही. त्यांना प्रश्न विचारून चष्मा पुसत बसायची खोड आहे, एवढंच. दोन कारकून भिंतीशी उभे, त्यातला एक लिहून घेतोय, आणि साहेब काचेवर फुंकर मारतायत. मला तिथे आईच दिसायला लागली. एक, दोन. पुढचं तू वाचशीलच. खाली सहीही माझीच आहे. घरात एकही नकाशा सापडला नाही, सापडणार कसा, पण ती सही आहे.

त्या नकाशांचं मला स्वतःपेक्षा जास्त वाईट वाटतं. त्यातल्या समुद्राच्या नकाशाची एक घडी विरली होती. मागून पातळ कागद लावून तीन आठवडे दाबात ठेवला होता मी तो. आता कोणाच्या घरी गुंडाळी होऊन पडला असेल.

काल नुसता बसलो होतो तर रविवारचं एक्सचेंज आठवलं. मागच्या दाराने आई आपल्याला आत न्यायची. लांबच लांब खोली, तीस बायका एका ओळीत, सगळ्या एकदम बोलतायत, आणि बोर्डावर बारके दिवे लागतायत आणि विझतायत. तू त्या स्टुलावर बसून एवढी खूश असायचीस! घरी यायला तयार नसायचीस. मला तेव्हा कळायचं नाही, आता वाटतं की त्या गलक्यात तुझं अडखळणं कोणाला ऐकू येत नव्हतं, म्हणून असेल. आईचे केस हेडफोनच्या पट्टीखाली कायमचे दबलेले असायचे. शेवटपर्यंत तिथे केस नीट उभे राहिले नाहीत.

असो. बारा एप्रिल जवळ येतोय आणि मी रात्री उठून दिवस मोजत बसतो. तुझं पत्र आलं की जरा झोप लागते, म्हणून पत्रांत खंड नको.

तुझा,
टकळ्या

*

८ मार्च

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही मला वेगळं पत्र घातलंत आणि ह्यांना सांगू नकोस म्हणालात, तेव्हा जरा घाबरलेच. आता कळलं. चौदा नोव्हेंबरला हे कुठे होते, असं तुम्ही विचारलंत. अहो, माझ्याजवळ होते. त्या दिवशी माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत हे इस्पितळाच्या बाकावर बसून होते. नर्सने कोणाचे नातेवाईक गोंगाट करतायत विचारलं, तर तिलाही म्हणाले मी, आणि एकटेच तर बसले होते. ग्रंथालयात रजेचा अर्ज आहे, इस्पितळाचा कागद माझ्याकडे आहे.

तुम्ही चार पानांतून नेमकं ते काढलंत. टिपणात तीन प्रश्न आहेत. नकाशांचं कपाट शेवटी कोणी उघडलं, तर हे म्हणाले मी. ते खरंच आहे, दुरुस्तीसाठी उघडलं होतं. चौदा तारखेला माळ्यावरची खिडकी कोण उघडी ठेवून गेलं, तर मी. आणि नकाशे कोणी नेले, तर मीच. ज्या दिवशी हे तिथे पाऊल टाकायला गेले नाहीत, त्या दिवशीच्या खिडकीचीही कबुली देऊन बसले, आणि इतके महिने हे कोणाच्या लक्षात आलं नाही, ह्यांच्यासुद्धा! मी वकीलबाईंकडे कागद नेऊन दिला. त्या खुर्चीतून उठल्याच.

पण वन्सं, त्या म्हणतात एवढ्याने भागणार नाही. सरकारी वकील म्हणतील की खिडकीबद्दल चूक झाली असेल, चोरीबद्दल कशी होईल? शहाणासुरता माणूस न केलेलं का कबूल करतो, हे कोणीतरी कोर्टाला सांगायला हवं. ह्यांना बोलू द्यायची सोय नाही. मी बायको, आणि आले ती लग्नानंतर. माझं सगळं ऐकीव. त्या घरात वाढलेलं माणूस हवं, असं बाई म्हणाल्या.

त्यांनी तुमचं नाव काढलं मात्र, हे ताडकन उठले. ताईला पिंजऱ्यात उभी करणार असाल तर मी आधी सगळं कबूल करून मोकळा होतो, असं म्हणाले. आवाज चढवणारा माणूस नाही हा. शिक्षा झाली तर तीन वर्षं तरी आत, असं बाई सांगतात. ह्यांचं वय तुम्हाला माहीत आहे. मी काहीच मागत नाही, वन्सं. तुम्हाला कळावं, एवढंच.

तुमच्या पायाशी नमस्कार. माझ्यावर असलेला लोभ ह्यांच्यावरच्या लोभापेक्षा कमी नसावा, ही विनंती.

तुमची,
वहिनी

*

१५ मार्च

चि. टकळ्यास,
अ. उ. आ. वि. वि.

वहिनीवर रागावू नकोस, तिला मीच विचारलं. आणि वकीलबाईंनाही मीच पत्र टाकलं आहे. मी साक्षीला येते.

लगेच पेन उचलू नकोस. आधी हे वाच, कारण हे मी त्रेपन्न वर्षं लिहायचं टाळलं.

आईने एकदा हेडफोन घरी आणला होता, त्याची गादी बदलायला. तू सहा वर्षांचा, मी नऊ. ती बाजारात गेली आणि मी तो डोक्याला लावला. भिंतीला टेकून खेळत होते की मी बोर्डावर आहे. आणि टकळ्या, त्या वेळी मी अडखळत नव्हते. बोला, मी बोलतेय, जोडून देते, असं भराभर म्हणत होते. तू दारात उभा राहून तोंड उघडं टाकून ऐकत होतास. मग जिन्यात आईची पावलं वाजली, मी घाईने तो ओढून काढला आणि तो फरशीवर पडला. कानाची वाटी दुभंगली.

आईने विचारलं तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती. मला खरं सांगायचं होतं, लपवायचं नव्हतं. पण माझा सगळ्यात जास्त अडायचा तो ‘मी’च. ओठ मिटले की उघडायचेच नाहीत. तिने एक म्हटलं, दोन म्हटलं, माझे ओठ मिटलेलेच, आणि तू मागून म्हणालास की मी. दिवे लागेपर्यंत तू जिन्याच्या वळणावर उभा होतास. खाली आलास तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या आणि तू हसत होतास. तुला वाटलं तू मला वाचवलंस. वाचवलंस खरंच.

त्यानंतर आई मोजायला लागली की तू दोनलाच उत्तर द्यायचास. प्रश्न कोणाला आहे हेही बघायचा नाहीस. तुझी ती सवय होत गेली, आणि मी चौदा वर्षांची झाले तेव्हा मला ती स्पष्ट दिसत होती. मी तुला थांबवू शकले असते. थांबवलं नाही, कारण मला ते सोयीचं होतं. हे लिहिताना मला लाज वाटते. तू सगळ्यांच्या वाटचं बोलतोस म्हणून मी तुला टकळ्या नाव ठेवलं आणि आयुष्यभर हसले. ग्रंथपालांच्या खोलीत जे तीन वेळा बाहेर पडलं ते तू माझ्यासाठी शिकलास.

म्हणून हे सांगायला दुसरं कोणी चालणार नाही. तुझ्या वाटचं एकदा मला बोलू दे.

आशीर्वाद तर आहेतच, पण या पत्रापुरती तुझी मोठी बहीण थोडी धाकटी समज.

तुझी,
ताई

*

२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू येणार नाहीस.

हेडफोनचं मला आठवतं, आणि मला त्याचं काही वाटत नाही. जिन्याच्या वळणावरून खालची गल्ली छान दिसायची. तेवढ्यासाठी तू स्वतःचे हाल करून घ्यायचे नाहीत.

शाळेतलं विसरलीस का? तुला व्यासपीठावर कविता म्हणायला उभं केलं होतं. पहिल्याच शब्दाला अडलीस आणि अख्खं सभागृह हसायला लागलं. मी खालून उठून ती सगळी कविता मोठ्याने म्हणून टाकली. बाईंनी माझा कान पिळला. तू घरी आल्यावर दोन दिवस कोणाशी बोलली नाहीस, माझ्याशीसुद्धा. तो तुझा चेहरा मला पुन्हा बघायचा नाही. कोर्टात तर सरकारी वकील मुद्दाम थांबतील, तूच लिहिलंस की ते तसं करतात. चौतीस वर्षं ज्या लोकांसमोर तू शब्द काढला नाहीस, तसल्याच लोकांसमोर?

त्यापेक्षा मी बोलतो. जे व्हायचं ते होईल. तीन वर्षं म्हणजे काही जन्म नाही. आतही पुस्तकं असतीलच, आणि फाटलेलीच असतील.

रागाने लिहिलं असलं तरी पाया पडतो. माझं ऐक.

टकळ्या

*

२७ मार्च

चि. टकळ्यास,
अ. उ. आ.

दहा तारखेला सकाळच्या गाडीने पोचते. स्टेशनवर येऊ नकोस, सामान थोडं आहे.

कविता तू म्हणालास म्हणून मी रुसले नव्हते. मला ती म्हणायची होती. अजून थोडा वेळ कोणी गप्प राहिलं असतं तर मी म्हटली असती. दोन दिवस मी त्याचा राग धरला होता, आणि तू मदतच केली होतीस म्हणून तो बोलून दाखवता येईना.

कोर्टात तीन मोजत नाहीत. साक्षीदाराचं उत्तर येईपर्यंत सगळ्यांना थांबावं लागतं, न्यायाधीशांनासुद्धा. मी मुके, बहिरे, म्हातारे, रडणारे, सगळे साक्षीदार लिहून घेतले आहेत. त्या खोलीइतका वेळ माणसाला दुसरीकडे कुठे देत नाहीत.

तुला दोन कामं आहेत. न्यायाधीशांनी विचारलं तर गप्प बसायचं. आणि मी अडकले तर खालून कविता म्हणायची नाही. दुसरं जास्त अवघड आहे, त्याचा सराव कर.

वहिनीला सांग, माझी उशी पातळ हवी. बाकी भेटीत, जेवढं बोलता येईल तेवढं.

ताई

*

२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निकाल तुला फोनवर कळला. मी निर्दोष म्हणालो आणि तू पलीकडून नुसतं हं म्हणालीस. मग आपण दोघंही गप्प. आई असती तर तिने तिसऱ्यालाच पिन काढली असती! आपण किती वेळ तसे होतो कोण जाणे. हिने येऊन रिसीव्हर ठेवला.

स्टेशनवरही तुला निरोप देताना काही बोलणं झालं नाही, म्हणून आता लिहितो. तू पिंजऱ्यात उभी होतीस तेव्हा समोर न्यायाधीश होते, मी तुझ्या पाठीमागे डाव्या हाताला. तुला माझा चेहरा दिसला नाही. त्या बाजूने काय झालं ते तुला माहीत नाही.

माझी पाळी आधी होती. न्यायाधीशांनी विचारलं की मला काही सांगायचं आहे का. दोरा दाढेखाली होता. एक, दोन, तीन झाले आणि तिसऱ्यानंतरही जग चालू राहिलं, हे मला साठाव्या वर्षी कळलं. वकीलबाई उठून म्हणाल्या की आरोपी आपला हक्क वापरतो आहे. मग न्यायाधीशांनी ते वाक्य सांगितलं, की यावरून न्यायालय काहीही गृहीत धरत नाही. खाली बसलेली लघुलेखिका लिहीत होती. चष्मा नाकावर घसरलेला, मान खाली. मी तिच्याकडेच बघत राहिलो. इतकी वर्षं तू काय काम करत होतीस ते मला त्या दिवशी समजलं.

मग तू आलीस. शपथ कागदावरून वाचलीस, ती कशीबशी पार पडली. वकीलबाईंनी पहिला प्रश्न विचारला, की त्या घरात हेडफोन कोणी तोडला होता. सगळी खोली थांबली. तुझे ओठ मिटलेले आहेत हे मला पाठमोऱ्या मानेवरूनच कळलं. उजवा खांदा थोडा वर गेला होता, लहानपणी जायचा तसाच. मी मोजायला लागलो. मला मोजायचं नव्हतं पण सुरू झालं. दहाला सरकारी वकिलांनी कागद चाळायला घेतले. पंधराला मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. विसाला मी अर्धा उठलो होतो, ताई. उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. मला ते येत होतं, मला ते नेहमीच येतं. हिने माझा सदरा धरून मला खाली बसवलं. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि हाताची घडी घालून तुझ्याकडे बघत राहिले, जणू त्यांना दिवसभर दुसरं काही कामच नाही. लघुलेखिकेने मान वर केली. तीसच्या पुढे मला माझ्या दातांचा आवाज येत होता. दोरा तुटला. अर्धा मी गिळला असावा, कारण नंतर एकच तुकडा हाताला लागला.

सगळं तू नंतर नीट सांगितलंस. अडत अडत, पण शेवटपर्यंत. जिना, मोजणं, दुधाचं भांडं, कविता, इस्पितळाचा बाक. ग्रंथपालसाहेब चष्मा काढून पुसायला लागले आणि मध्येच थांबले. निकालपत्रात तुझ्या साक्षीला एक अख्खं पान दिलं आहे. त्याची नक्कल मी मागून घेतली आणि शिवली. चांगल्या कापडात बांधून तुला पाठवतो आहे. नकाशे मात्र अजून मिळाले नाहीत. समुद्राची ती घडी नीट राहिली असेल का, हा विचार दाबाच्या यंत्राजवळ बसलो की येतोच. सोमवारपासून कामावर जायला लागलो. साहेबांनी विचारलं की बांधणीच्या खोलीतला दिवा कोणी चालू ठेवला. मी विचार केला आणि म्हटलं, माहीत नाही.

पण तुला लिहायचं होतं ते एवढंच. त्रेचाळीस झाले होते. त्रेचाळिसाव्याला तू म्हणालीस, मी. आणि तोवर, ताई, मी गप्प बसलो होतो.

ही म्हणते पातळ उशी तुझ्यासाठी वेगळी काढून ठेवली आहे. लवकर ये, आणि तोवर तुझ्या मायेत मला पूर्वीइतकीच जागा ठेव.

तुझा,
टकळ्या